परक्या मैदानाची सूट

दौंड, १५ फेब्रुवारी १९५९

राजेश्री सोपानराव व्याही यांस बापूसाहेबाचा रामराम.

इकडे सर्व खुशाल. लग्नाच्या मांडवात तुम्ही ओझरतं म्हणाला होता की शिरूरच्या जुन्या छावणीच्या मैदानावर तुम्ही रोज सकाळी गोल्फ खेळता. मी ते थट्टेवारी नेलं. परवा आमच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी बद्रुद्दीनभाई म्हणाले की गोष्ट खरी आहे. अहो, मग आधीच का नाही सांगितलंत? पत्रिका जुळवण्यात दोन महिने घालवले, ते वाचले असते.

मी यार्डात फोरमन. साहेब लोक गेले तेव्हा यार्डामागचं नऊ भोकांचं मैदान, थोड्या गंजक्या काठ्या आणि नियमांचं एक पुस्तक मागं ठेवून गेले. त्यावर मी शिकलो. आज माझा हँडिकॅप नऊ आहे. विहीणबाईंना कळावं म्हणून सांगतो. चांगल्या खेळाडूला पुरी फेरी किती फटक्यांत जमावी हे ठरलेलं असतं. मला त्याहून नऊ जास्त लागतात, म्हणून तेवढे माझ्या हिशेबातून वजा करतात. आकडा जितका लहान तितका माणूस मोठा. दौंडात माझ्याहून लहान आकडा कोणाचा नाही. तुमचा कळवावा.

आता दुसरी गोष्ट. सिंधू स्वभावानं गुणी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाकरी करपवते. लग्नाला दोन महिने होऊन गेले, घरची रीत अंगवळणी पडायला तेवढे पुष्कळ झाले. आमचा ज्योतिबा इंजिनावर फायरमन. त्याच्या डब्यात काळी भाकरी निघाली की लोक विचारतात, डबा भट्टीत ठेवला होतास काय. शेवटी भाकरी ती भाकरी, शिरूरला थापली काय आणि दौंडला थापली काय. ज्याला येते त्याला कुठंही येते. आमच्या मंडळींचं म्हणणं असं की वैशाखात तिला माहेरी पाठवावी. आईच्या हाताखाली चार-सहा महिने राहील, शिकली की आणू. माझंही मत तिकडेच झुकतंय. राग नसावा.

आपला,
बापूसाहेब

*

शिरूर, २१ फेब्रुवारी १९५९

बापूसाहेब व्याही यांच्या सेवेशी सोपानरावाचा मानाचा रामराम.

पत्र पोचलं. वाचून आनंद झाला आणि घोरही लागला. आनंदाचं आधी लिहितो.

मी पलटणीत असताना देवळालीला एका कर्नलसाहेबाची काठ्यांची पिशवी वाहत होतो. एकदा साहेबाला ताप होता, म्हणून त्याच्या जागी मी एक फटका मारून बघितला. चेंडू गेला तो दिसेनाच. साहेब तापात उठून बसला. खरं सांगू का, आपले आजे-पणजे मेंढरांमागं हिंडताना काठीनं खडे उडवायचेच. हा खेळ साहेबानं आपल्याकडनं नेला असणार, फक्त टोपी त्याची.

सुभेदार होऊन घरी आलो ते थेट या मैदानावर. गवत कापायला आमची मेंढरं आहेत, पगार मागत नाहीत. तुमच्याकडे भोकांभोवती इंजिनाचं जळकं तेल शिंपडलेली वाळू असते असं ऐकतो. आमच्याकडे तेल कुठलं, आम्ही शेणानं सारवतो. चेंडू छान घरंगळतो. माझा आकडा सांगायला संकोच वाटतो, मुलीच्या बापानं व्याह्यापेक्षा वरचढ दिसू नये. पण तुम्ही विचारलंत. सहा.

शिमगा झाला की अवश्य यावं. एक फेरी होऊन जाऊ दे.

सिंधूविषयी काय लिहू? एकुलती एक, जरा लाडात वाढली. पण इथं तिच्या भाकरीला कोणी नाव ठेवलेलं मला आठवत नाही. तुमच्या पदरात घातली आहे, सांभाळून घ्यावी. माहेरी पाठवण्याचा विषय समक्ष भेटीपर्यंत राहू द्यावा, एवढीच विनंती.

आपला नम्र,
सोपानराव

*

दौंड, ४ मार्च १९५९

तीर्थरूप आबांना सिंधूचा नमस्कार. आईलाही सांगा.

तुमचं कार्ड मिळालं. 'लक्ष देऊन भाकरी करावी' असं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत, ते पोस्टमननंही वाचलं. आबा, लक्ष देऊनच करपते.

आपल्याकडे चुलीतली काटकी मागं ओढली की आच उतरते. इथं शेगडी, आणि तिच्यात इंजिनाचा कोळसा. धूर जाईपर्यंत ती अंगणात ठेवायची, मग आत आणायची. तोवर ती अशी पेटलेली असते की तवा ठेवला की भाकरी फुगायच्या आधी काळी. कोळसा मागं ओढता येत नाही. त्यातच नळाला पाणी येतं ते नेमकं भाकरीच्या वेळेला. मेल गाडी गेली की भिंती हलतात आणि थापलेली भाकरी परातीत सरकते. आत्याबाईंची करपत नाही, पण त्यांचा हात या शेगडीवर कितीतरी वर्षांचा आहे.

मामा रोज संध्याकाळी पडवीत पितळेचा पेला आडवा ठेवून त्यात चेंडू घालायचा सराव करतात. गाडी आली आणि चेंडू चुकला की ते रागानं गाडीकडे बघतात. माझी भाकरी करपली की गाडीकडे कोणी बघत नाही.

हे हसण्यावारी लिहिते आहे, पण मला झोप लागत नाही. वैशाखात मला पाठवलं तर आपल्या आळीत 'शिकायला आली' असं कोण म्हणणार आहे? 'नांदवत नाहीत' असंच म्हणतील. एकदा तसं म्हटलं की पुढं काही शिकून उपयोग नाही. मला इथं राहायचं आहे. माणसं वाईट नाहीत. फक्त शेगडी वाईट आहे.

मामा खेळायला येणार आहेत म्हणे. तुम्ही जिंकलात तर त्यांचा राग माझ्या ताटात उतरेल. मुद्दाम हरलात तर त्यांना कळेल, मग जास्तच. तेव्हा काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मला काही सुचत नाही.

तुमची,
सिंधू

*

दौंड, ३१ मार्च १९५९

सोपानराव व्याही यांस बापूसाहेबाचा रामराम.

सुखरूप पोचलो. विहीणबाईंनी पुरणपोळीचा आग्रह फार केला, मटणही झकास होतं. पाहुणचारात कुठं कमी पडलं नाही. आता मैदानाबद्दल लिहितो.

तुमचं मैदान हे मैदान नव्हे. पहिल्या भोकाशी मेंढरं उभी. तुम्ही 'हर्र' म्हणता आणि ती सरकतात, मी म्हणालो तर माझ्याकडे बघत राहिली. चौथ्या भोकाजवळ जमीन डावीकडे उतरते असं डोळ्यांना दिसतं आणि चेंडू उजवीकडे नदीत जातो. तुम्हाला हे ठाऊक होतं. माझा चेंडू घोडनदीत गेला तेव्हा तुम्ही 'अरेरे' म्हणालात, पण त्याच्या आधी तुम्ही डोळे मिटले होते. बाभळीखाली काटे आहेत हेही मला गुडघे टेकल्यावर कळलं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे भोकाभोवती त्याच सकाळी ओलं शेण सारवलेलं. चेंडू घरंगळण्याऐवजी चिकटून बसला. भोकापाशी येऊन मला चार-चार फटके लागले. हा डाव होता असं मी म्हणत नाही. बद्रुद्दीनभाई म्हणतात.

हँडिकॅप नऊचा माणूस मी, आणि तुमच्याकडे मला एकोणतीस जास्त लागले. मी एका रात्रीत खेळ विसरलो काय? यार्डात बसून मी शांतपणे विचार केला. माणसाचा आकडा हा त्या माणसाचा एकट्याचा नसतो, तो माणसाचा आणि त्याच्या मैदानाचा मिळून असतो. रोजच्या जागेवर पाय आपोआप पडतात, हाताला वारा कळतो. जागा बदलली की तोच हात परका होतो. असल्या माणसाला त्याचा घरचा आकडा दाखवून 'तुला येत नाही' म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे. परक्या मैदानावर जादा सूट मिळालीच पाहिजे. दोन्ही क्लबांनी तसा नियम करावा. माझी ही मागणी तुम्ही आपल्या लोकांपुढे ठेवावी.

सिंधूबद्दल बोलायला तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा आपण सातव्या भोकाशी होतो, माझी मनःस्थिती नव्हती. काल पुन्हा दोन भाकऱ्या करपल्या. आता तिसरा महिनाही संपला. वैशाखाचं नक्की समजावं.

आपला,
बापूसाहेब

*

शिरूर, ८ एप्रिल १९५९

बापूसाहेब व्याही यांच्या सेवेशी सोपानरावाचा रामराम.

पत्र वाचून मन खट्टू झालं. मेंढरांचं आणि नदीचं कबूल. चौथ्या भोकाशी मी डोळे मिटले हेही कबूल, पण ते मी देवाचं नाव घ्यायला मिटले होते. शेणाचं मात्र सहन होत नाही. अहो, व्याही पहिल्यांदा दारी येणार म्हणून सिंधूच्या आईनं, गिताबाईनं, बायका लावून सगळी नऊच्या नऊ भोकं पहाटे सारवून घेतली. पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्यात अंगण सारवत नाहीत का? तिनं वर रांगोळीही काढली असती, मीच नको म्हटलं. ओल्या शेणावर माझाही चेंडू चिकटत होता. मी तो आधी जरा जोरात मारत होतो इतकंच.

तुमचा मुद्दा मात्र मला सोळा आणे पटला. पुढच्या खेपेला मी दौंडला येणार. तिथं परका मी. तेव्हा नियम लवकर झालेला बरा. आमच्याकडे कायदा लिहिण्यासारखं कोणी नाही, तुम्हीच बसून शब्द बसवा. सूट कोणाला, किती, किती दिवस, सगळं स्पष्ट लिहा आणि खाली सही करा. तुमच्या सहीला इथंही मान आहे. तुम्ही लिहाल ते आम्ही अक्षरशः पाळू.

वैशाखाबद्दल मी काय बोलावं? मुलीचा बाप मी. गिताबाई रोज विचारते आणि मी रोज म्हणतो की व्याही समजूतदार आहेत. बाजारातून घरी जाताना मी हल्ली लांबच्या रस्त्यानं जातो, कारण आळीतली माणसं 'सिंधू कवा येणार' असं विचारतात. ती सहजच विचारतात, पण मला उत्तर देता येत नाही. आपण काय ठरवलंत ते कळवावं.

आपला नम्र,
सोपानराव

*

दौंड, २६ एप्रिल १९५९

तीर्थरूप आबांना सिंधूचा नमस्कार.

तुम्ही मामांना नियम लिहायला सांगितलंत, त्याचं काय झालं ते कळवते.

मामांनी तीन दिवस कागद फाडले. त्यांचं अक्षर बद्रुद्दीनचाचांना लागत नाही, म्हणून शुक्रवारी त्यांनी मला पडवीत बसवलं आणि सांगायला लागले.

"लिही. जो खेळाडू परक्या मैदानावर खेळंल, त्याच्या चुका त्याच्या न्हवंत, जागंच्या हायेत असं धरावं."

मी लिहिलं. मग मी विचारलं, "सूट कवापत्तुर द्यायची, मामा?"

"वरीसभर तरी. उन्हाळा, पाऊस, थंडी, समदं एकदा पायाखालनं गेल्याबिगर जागा कळत न्हाई. दोन-तीन म्हयन्यांत काय व्हतंय? दोन-तीन म्हयन्यांत नुसती वळख व्हती."

"आन् त्यो इथं चुकला, पर त्याला येतंय, ह्ये कसं वळखायचं?"

"त्याच्या घरच्या मैदानावर इचारायचं की. तिथं चांगला खेळत व्हता म्हंजी त्याला येतंय. हितं चुकतो म्हणून त्याला घरी धाडून दे, पुन्हा शिकून ये म्हण, असं कुठं अस्तंय का? तिथं जाऊन काय शिकणार? तिथलं तर त्याला येतंयच. शिकायचं तर हितंच शिकंल."

आबा, मी हे सगळं लिहून घेतलं, एक अक्षर गाळलं नाही. मग टाक खाली ठेवला. खरं तर मी बोलणार नव्हते. पण तोंडातून गेलंच.

"मामा, माझ्या आईच्या चुलीवरच्या भाकरीचं कुणी इचारलं न्हाई."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ ते रुळांकडे बघत होते. एकही गाडी नव्हती. मग म्हणाले, "लिहून झालं का?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली, कागद खिशात घातला आणि भर उन्हात टोपी न घालता मैदानावर निघून गेले.

आत्याबाई दाराआड होत्या. म्हणाल्या, "मला बी पयल्या वर्साला कुणी सूट दिली न्हवती." हसून म्हणाल्या की रागानं, ते मला कळलं नाही. पण संध्याकाळी त्या शेगडीपाशी आल्या आणि पेटलेल्या कोळशावर मूठभर राख कशी पसरायची ते दाखवलं. राख टाकली की आच खाली बसते. चार महिने हे कोणी सांगितलं नव्हतं.

तुमची,
सिंधू

*

दौंड, २ मे १९५९

सोपानराव व्याही यांस बापूसाहेबाचा रामराम.

नियम सोबत पाठवला आहे. बद्रुद्दीनभाईंनी कमिटीपुढे ठेवला आणि तो एकमतानं मंजूर झाला. कमिटीत आम्ही दोघंच हजर होतो. परक्या खेळाडूस पहिलं वर्षभर दहा फटके जादा सूट.

सिंधूला वैशाखात पाठवण्याचं तूर्त राहू द्यावं. आमच्या मंडळींचे गुडघे धरले आहेत, घरात हाताखाली माणूस हवं. कारण एवढंच आहे. नियमाचा आणि याचा काही संबंध नाही, उगाच कोणी लावू नये.

जूनच्या पहिल्या रविवारी खेळायला यावं.

आपला,
बापूसाहेब

*

शिरूर, ९ जून १९५९

बापूसाहेब व्याही यांच्या सेवेशी सोपानरावाचा रामराम.

सुखरूप पोचलो. आदरातिथ्याबद्दल आभारी आहे. आता मैदानाबद्दल.

दहा फटके सूट असून मी हरलो, याचा अर्थ सूट अपुरी आहे. तुमच्या तेलकट वाळूवर चेंडू थांबतच नाही. मी शेणाच्या सवयीनं जोरात मारायचो, चेंडू भोकावरून उडी मारून पार पलीकडे. तिसऱ्या भोकाशी इंजिनाची राख उडून डोळ्यांत गेली. तुम्ही त्या वेळी पाठ फिरवून उभे होता. वारा कधी फिरतो हे तुम्हाला माहीत, मला कोण सांगणार? आणि सहाव्या भोकाशी मी मारलेला चेंडू नगरकडे निघालेल्या मालगाडीच्या उघड्या डब्यात पडला. एवढा लांब फटका मी आयुष्यात मारलेला नाही. तुम्ही म्हणालात, "आम्ही ही गाडी जाईपर्यंत थांबतो." मारायच्या आधी म्हणाला असतात तर?

तहानेचंही लिहितो. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आपल्यातली रीत. मी शिरूरहून पलटणीची बाटली भरून आणली होती, ती पाचव्या भोकाला संपली. बद्रुद्दीनभाई म्हणाले की इन्स्टिट्यूटचा नळ रेल्वेचा आहे, व्याह्यांचा नाही. मी ओंजळ पुढे केली आणि तुम्ही मोठ्या मनानं स्वतः नळ सोडलात. तुमच्या हातचं पाणी म्हणजे तुमच्या घरचंच झालं. ओंजळ मागं घ्यावी लागली. उरलेला खेळ मी कोरड्या घशानं खेळलो.

घरी सिंधूनं पाट मांडला होता, तेव्हाही मी बसलो नाही. तुमच्या ताटातली भाकरी मात्र नीट बघून घेतली. एका कडेला थोडी काळी होती, बाकी चांगली फुगलेली. माझ्यासमोर तुम्ही ती मोडलीत आणि काही न बोलता खाल्लीत. त्या क्षणी मला हरल्याचं काही वाटत नव्हतं. ते नंतर एस.टी.त बसल्यावर वाटायला लागलं.

सूट पंधरा करावी.

आपला नम्र,
सोपानराव

*

शिरूर, १६ ऑगस्ट १९५९

बापूसाहेब व्याही यांस सोपानरावाचा रामराम.

नागपंचमीसाठी सिंधूला आनंदानं पाठवलीत, तुमचे उपकार आहेत. झोका झाला, फेर झाला. आळीतल्या बायका येऊन तिला बघून गेल्या. ज्योतिबा स्वतः पोचवायला आले हेही त्यांनी बघितलं. मी आता बाजारातून जवळच्या रस्त्यानं घरी येतो.

एक गोष्ट लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. लिहितो. पंचमीला तवा ठेवत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी गिताबाई म्हणाली, आज तू भाकरी कर, खूप दिवसांत तुझ्या हातची खाल्ली नाही. सिंधू चुलीपुढे बसली. काटक्या कशा सारायच्या तेच तिला आठवेना. धुरानं डोळे लाल झाले. जाळ मोठा झाला तशी तिनं मूठभर राख त्यावर टाकली आणि चूल विझली. पुन्हा पेटवली. पहिली भाकरी कच्ची, दुसरी काळीकुट्ट. ती आईला म्हणाली, "आमच्या शेगडीवर अशी व्हत न्हाई."

आमच्या, असं म्हणाली. गिताबाईनं ऐकलं आणि पाणी आणायचं निमित्त करून परसात गेली. बराच वेळ आली नाही.

सिंधू पहाटेच उठून बसते. विचारलं तर म्हणते, "मेल गेली न्हाई का अजून?" शिरूरला कुठली रेल्वे? ती गाडी ऐकायची वाट बघत असते आणि आवाज आला नाही की तिला चैन पडत नाही. ज्या शांततेत ती लहानाची मोठी झाली, तिच्यात आता तिला झोप लागत नाही.

बापूसाहेब, फेब्रुवारीत तुमचं पत्र आलं तेव्हापासून मी एकाच गोष्टीला भीत होतो, की तुम्ही तिला इकडे पाठवाल. ती इकडची राहिली नसेल ही भीती माझ्या मनात कधी आली नव्हती. मला वाईट वाटलं. ते आनंदाचं वाईट आहे हे मला कळतं, तरी वाटलं.

ती काळी भाकरी मी खाल्ली. तुमच्याकडे रीत आडवी आली होती, इथं काही आडवं नव्हतं. गिताबाईला मी नियम वाचून दाखवला. म्हटलं, आता आपल्या मैदानावर ही पाहुणी, तेव्हा तिच्या चुका जागेच्या धरायच्या.

तिला न्यायला केव्हा येता? काठ्या आणल्यात तरी चालेल.

आपला,
सोपानराव

*

दौंड, ३० ऑगस्ट १९५९

सोपानराव व्याही यांस बापूसाहेबाचा रामराम.

सिंधूला घेऊन सुखरूप पोचलो. पंधराची सूट असूनही मी हरलो, त्याबद्दल आज काही लिहीत नाही. पावसानं चौथ्या भोकाचा उतार बदलला होता आणि तुम्ही स्वतःच चेंडू नदीत घातलात, हे बघून माझं समाधान झालं.

मी डोक्यावर शेगडी आणि कोळशाचं पोतं घेऊन एस.टी.तून उतरलो तेव्हा तुम्ही बघतच राहिलात. तुमचं पत्र वाचून आमची मंडळीच म्हणाली, पोर माहेरी गेली की तिला तिथं हात बसलेली एक वस्तू तरी असू दे. तिला माझ्याआधी सुचलं म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. कोळसा विकतचा आहे. रेल्वेचा आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नये.

परत येताना न्हावऱ्याच्या पुढे मी सिंधूला म्हटलं, "पोरी, तू जिवाला लावून घेऊ नगंस. शिरूर बी तुझंच घरचं मैदान, दौंड बी तुझंच. मी बद्रुद्दीनभाईला सांगून तसा नियमच करतो." मला वाटलं, तिला बरं वाटेल.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "नगा मामा. दोन्ही घरची म्हटलं की सूट कुठंच न्हाई मिळायची. दोन्हीकडं पाव्हणीच ऱ्हाऊ द्या."

साहेब लोकांशी हुज्जत घालण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण इतका सरळ मुद्दा कोणी माझ्यापुढे मांडला नव्हता.  घरी आल्यावर मंडळींना सांगितलं. ती म्हणाली, "तिचं बराबर हाय." इतक्या वर्षांत माझ्या घरात काय चाललं होतं ते मला एवढ्याशा वाक्यावरून कळलं. मंडळींना पहिल्या वर्षी काय काय बोललो होतो ते आठवत बसलो. सगळं आठवलं नाही, तिला मात्र आठवत असणार.

तेव्हा नवा नियम करत नाही, जुनाच राहू द्या. मात्र त्यातले 'पहिलं वर्षभर' हे शब्द मी खोडले आहेत. बद्रुद्दीनभाई म्हणाले, मग सूट संपणार कधी? म्हटलं, ते तिला विचारा.

विहीणबाईंना शेगडी आवडली नाही हे माझ्या लक्षात आलंय. तरी दिवाळीला सिंधू येईल तोवर त्यांनी शेगडीवर हात बसवावा. भाकऱ्या करपतील. तुम्ही मुकाट्यानं खा आणि एक शब्द बोलू नका. नियम आहे आणि खाली माझी सही आहे.

आपला,
बापूसाहेब